'हे आधी का केलंस?'

आमच्या वर्कशॉपमध्ये शिरल्यावर डाव्या हाताला सरफेस प्लेट आहे, माप तपासायची अगदी सपाट लादी. २०२३च्या पावसाळ्यात त्या प्लेटवर एका जर्मन माइस्टरने (मुलांना शिकवणाऱ्या उस्तादाने) आमच्या एका माजी विद्यार्थ्याचा जॉब, म्हणजे हाताने घडवलेला तुकडा, ठेवला, मग उजेडाकडे धरून पाहिला आणि मुलाला एकच प्रश्न विचारला. मुलगा गप्प राहिला. त्यानंतरची दोन वर्षं मी जी धावपळ केली ती बरीचशी त्या गप्प राहण्यापायी.

मी वडोदऱ्यात एका ट्रस्टच्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवते. संस्था मकरपुरा जीआयडीसीच्या (औद्योगिक वसाहतीच्या) कडेला, घर दांडिया बाजारात. माझे बाबा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. कानशीचा आवाज ऐकून, न बघता, हात कसा चाललाय ते त्यांना कळायचं. "पुढे जाताना दाब दे, मागे येताना मोकळी सोड," एवढं त्यांनी मला मी शाळेत असताना शिकवलं, आणि आजही प्रत्येक नव्या बॅचला पहिल्या दिवशी मी तेच सांगते.

हे लिहायचं कारण असं की परदेशी कंपनीबरोबर काम सुरू करू पाहणाऱ्या संस्थांमधून मला अधूनमधून फोन येतात. करार कसा केला, कोणाची ओळख होती, हेच सगळे विचारतात. करारात सांगण्यासारखं फार थोडं आहे. जे आहे ते बाकाशी घडलं, कागदांच्या ढिगात घडलं आणि एका कारखानदाराच्या केबिनमध्ये घडलं. म्हणून क्रमाने लिहिते.

सुरुवात शेठांपासून झाली. जीआयडीसीत व्हॉल्व्हचे सुटे भाग बनवणारा त्यांचा साठ-सत्तर माणसांचा कारखाना आहे. कित्येक वर्षं ते आमची मुलं अप्रेंटिस म्हणून घेतात. आयटीआयसाठी दुहेरी प्रशिक्षणाची योजना आली, म्हणजे अभ्यासक्रमातला काही काळ संस्थेत आणि काही काळ कारखान्यात, तेव्हा वसाहतीतून पहिला होकार त्यांनीच दिला. त्यांचा माल दक्षिण जर्मनीतल्या, पंप बनवणाऱ्या एका कंपनीला जातो. २०२२च्या नवरात्रीच्या सुमारास त्या कंपनीचा क्वालिटीचा माणूस माल पाहायला आला होता. आमचा एक अप्रेंटिस तुकड्याच्या कडेची बर, म्हणजे कापल्यावर राहिलेली धारदार कंगोरी, काढत होता. काढून झाल्यावर त्याने अंगठ्याने कड चाचपली, पुन्हा एक हात कानस मारली आणि मगच माप घ्यायला व्हर्नियर लावला. पाहुण्याने शेठांना विचारलं, हा कुठे शिकला? शेठांनी त्याला गाडीत घातलं आणि न कळवता थेट आमच्याकडे आणलं. मी तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलांना हॅक्सॉ कसा धरायचा ते दाखवत होते.

जानेवारीत करार झाला. तीन पानं, शाल-श्रीफळ, फोटो. डिसेंबर २०२२मध्येच भारत आणि जर्मनी यांच्यात स्थलांतर आणि ये-जा सुलभ करण्याचा करार दिल्लीत झाला होता, त्यामुळे सगळीकडे उत्साह होता. गुजरातेत तर हे नवंही नव्हतं. मेहसाण्याला गणपत युनिव्हर्सिटीत मारुती सुझुकीच्या साहाय्याने २०१७मध्ये जपानी पद्धतीचं प्रशिक्षण केंद्र निघालं होतं, आणि तांत्रिक इंटर्न जपानला पाठवायचा करारही त्याच वर्षीचा. पण तिथे मागे मोठी कंपनी उभी होती. आमच्यामागे सत्तर माणसांचा कारखाना आणि एक ट्रस्ट.

पुढचे पाच महिने काहीही झालं नाही. मी तो करार पुन्हा काढून वाचला. त्यात 'सहकार्य', 'देवाणघेवाण', 'संधी' हे शब्द पुष्कळ होते. कोणी, कुठल्या महिन्यात, कोणाच्या खर्चाने काय करायचं याचा एक शब्द नव्हता. मी कंपनीला पत्र लिहिलं: आम्हाला आणखी कागद नकोत, तुमच्याकडे मुलांना जो शिकवतो तो माणूस दोन आठवडे इकडे पाठवा. हे पत्र मी करार व्हायच्या आधी लिहायला हवं होतं.

जुलैत माइस्टर आले. वय पंचावन्नच्या पुढे, बोटं जाड, आवाज हळू. प्राचार्यांच्या ऑफिसात चहा झाला आणि त्यांनी मला विचारलं की त्यांना उभं राहायला एक बाक मिळेल का. पहिले तीन दिवस ते मुलांच्या शेजारच्या व्हाइसवर स्वतः कानस चालवत होते. कोणाला काही शिकवलं नाही. मुलं आधी बिचकली, मग त्यांच्याकडे चोरून पाहायला लागली, मग उघड पाहायला लागली. चौथ्या दिवशी मी बोलावलेले माजी विद्यार्थी आले. दोन वर्षांचा कोर्स करून वसाहतीतल्या वेगवेगळ्या कारखान्यांत तीन-तीन वर्षं काम केलेली ही मुलं, एकूण सत्तावीस. त्यांना माइस्टरांनी एकच काम दिलं. एमएसची, म्हणजे साध्या पोलादाची, दहा मिलिमीटर जाडीची पट्टी, तिच्यातून दोन तुकडे, एकाला खाच, दुसऱ्याला त्या खाचेत बसणारी जीभ. मशीन नाही. हॅक्सॉ, कानस, ड्रिल, गुण्या.

डभोईचा एक मुलगा होता, शेठांकडे काम करणारा. त्याचा जॉब सगळ्यांत चांगला होता. माइस्टरांनी हेअरलाइन पट्टी, म्हणजे सुरीसारखी धार असलेली सरळ पट्टी, जॉबच्या कडेवर उभी ठेवली आणि खिडकीकडे धरली. कड जिथे खोलगट असेल तिथे पट्टीखालून उजेडाची रेघ दिसते. मायक्रोमीटरच्याही आधी डोळ्याला चूक दाखवणारी ही जुनी रीत. मी पण वाकून पाहिलं. पट्टीच्या एका टोकाला किंचित उजेड होता, बाकी काळोख. दोन तुकडे एकमेकांत सरकवले तर ते अडले नाहीत आणि हललेही नाहीत.

माइस्टरांनी मान हलवली आणि विचारलं, "जीभ आधी केलीस, खाच नंतर. हे आधी का केलंस?"

दुभाषाने प्रश्न हिंदीत सांगितला. मुलाचा चेहरा उतरला. त्याने हात पुढे केला आणि जॉब परत घेऊ लागला. चूक झाली असं त्याला वाटलं, परत करून आणावं असं वाटलं. आणि त्याने तर बरोबर केलं होतं! जिभेचं माप बाहेरून घेता येतं, मायक्रोमीटर नीट बसतो. खाचेच्या आतलं माप हाताने घेणं कठीण. म्हणून जीभ आधी मापात आणायची आणि मग तीच घालून-काढून खाच जुळवत न्यायची. हे मीच त्याला शिकवलं होतं. त्याच्या हाताला ते माहीत होतं.

संध्याकाळी माइस्टरांनी मला गुणांचा तक्ता दाखवला. जॉबला दहापैकी नऊ. बोलण्याला शून्य. सत्तावीसपैकी एकवीस जणांच्या बोलण्याला शून्य होतं. ते म्हणाले की त्यांच्या देशात शेवटच्या परीक्षेत परीक्षक समोर बसून कामाविषयी बोलतात, हे का केलं, दुसरी वाट होती का, बिघाड झाला तर कुठे पाहशील. ते बोलणं जमलं नाही तर हात कितीही चांगला असो, गुण जातात. "आणि कारखान्यात," ते म्हणाले, "गप्प राहणारा माणूस एक दिवस कोणाला तरी इजा करतो."

त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्याकडे 'का केलंस' हे शब्द मुलाच्या कानावर कधी पडतात? काही फुटलं, सांडलं, बिघडलं तर. घरीही तसंच आणि वर्कशॉपमध्येही तसंच. अठरा वर्षं शिकवताना मी मुलांच्या जॉबकडे पाहिलं, मापं घेतली, वहीत सही केली. त्यांना शांतपणे 'का' विचारलं असं फार क्वचित झालं असेल.

दुसऱ्या आठवड्यापासून मी एक गोष्ट सुरू केली आणि ती आजतागायत चालू आहे. रोज दोन मुलं, प्रत्येकी पाच मिनिटं. जॉब बाकावर, मुलगा उभा, बाकीचे भोवती. मी विचारते, तो सांगतो. भाषा ज्याची त्याची. गुजराती, हिंदी, मराठी, छोटा उदेपूरकडचा असेल तर राठवी. सुरुवातीला एक-एक वाक्यावर मुलं अडायची. मग एकाने चुकीचं सांगितलं तरी कोणी रागावत नाही हे दिसलं, आणि तोंडं उघडली. सहकाऱ्यांनी मला विचारलं की मुलं जर्मनीला जायची, तर हे गुजरातीत कशाला? पण विचार आधी आपल्या भाषेत सुटा झाला पाहिजे, मग तो दुसऱ्या भाषेत नेता येतो. या गावात तर हे कोणाला नव्याने सांगायला नको. सयाजीराव महाराजांनी १८९०मध्ये कलाभवन काढलं आणि प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जरांनी तिथे रंगकाम, यंत्रकाम, सुतारकाम देशी भाषेतून शिकवायचा आग्रह धरला. दादासाहेब फाळके त्याच कलाभवनात शिकले. आजी सांगायची, आपले एक चुलत पणजोबा तिथे होते. खरंखोटं मला माहीत नाही, पण तिथल्या त्या लाल इमारतीवरून जाताना मला बरं वाटतं.

सत्तावीसमधून आठ निवडले. सात मुलगे आणि पादरा गावची एक मुलगी. आठांपैकी दोघं शेठांकडचे.

आणि मग शेठांचा फोन आला. केबिनमध्ये गेले तर त्यांनी चहा मागवला, पण स्वतः घेतला नाही. "बेन," ते म्हणाले, "तुम्ही शिकवता. मी तीन वर्षं माल खराब होऊ देऊन घडवतो. तयार झाला की माझंच गिऱ्हाईक उचलून नेतं. मग मी अप्रेंटिस घ्यायचे कशाला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्यांचं खरं होतं. परदेशी सहकार्याविषयी जे बोललं जातं त्यात ही मधली पायरी कुणीच मोजत नाही. शिकवणारी संस्था आणि नेणारी कंपनी अशी दोनच नावं करारावर असतात, आणि ज्याच्या मशीनवर पोराचा हात बसला तो कुठेच नसतो. मी शेठांचं वाक्य जसंच्या तसं भाषांतर करून जर्मनीला पाठवलं. मऊ केलं नाही. तीन आठवडे उत्तर आलं नाही, मग बैठक झाली आणि करार नव्याने लिहिला गेला. या वेळी त्यावर तीन सह्या होत्या. शेठांच्या कारखान्यातून वर्षाला दोनच जण जातील. जाणाऱ्याने सहा महिने आधी सांगायचं. माझ्याबरोबर त्यांचा सुपरवायझरही जर्मनीत शिकायला येईल, खर्च कंपनीचा. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाचं) आणि न्यूमॅटिकचं (हवेच्या दाबाचं) काम शिकवण्याचं बेंच आमच्या संस्थेत बसेल आणि शनिवारी शेठांची माणसं त्यावर शिकतील.

एका मुद्द्यावर मी अडून बसले. शेठांच्या मसुद्यात 'मालकाच्या परवानगीने' असे शब्द होते. ते मी काढायला लावले. मुलगा कोणाच्या मालकीचा नाही. आधी सांगायचं बंधन ठीक, परवानगीचं नाही. शेठ दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सही करून कागद पाठवला.

नोव्हेंबरात आम्ही तीन आठवडे जर्मनीला होतो. मी जे पाहिलं त्यातलं थोडंच सांगते. कंपनीच्या आत प्रशिक्षणाचं वेगळं वर्कशॉप आहे आणि शिकाऊ मुलं आठवड्यात तीन-चार दिवस कंपनीत, एक-दोन दिवस सरकारी व्यवसाय-शाळेत असतात. आमच्या फिटरच्या सगळ्यांत जवळचा त्यांचा धंदा म्हणजे इंडस्ट्रीमेखानिकर, साडेतीन वर्षांचा. कंपनीत जो शिकवतो त्यालाही शिकवण्याची वेगळी परीक्षा पास व्हावी लागते, आपल्याकडे इन्स्ट्रक्टरला सीआयटीएस असते तशी. फरक एवढा की आपल्याकडे ती संस्थेतल्या शिक्षकाला विचारतात, कारखान्यातल्या सुपरवायझरला कोणी विचारत नाही. शेठांचा सुपरवायझर हे ऐकून बराच वेळ गप्प होता. बावीस वर्षं तो पोरांना शिकवतोय, आणि शिकवणं हे काम आहे असं त्याला पहिल्यांदा कोणीतरी सांगितलं.

परीक्षेची रचना मला फार आवडली. शिकवणारी कंपनी स्वतः परीक्षा घेत नाही. उद्योगांच्या चेंबरची समिती असते आणि तिच्यात मालकांचे प्रतिनिधी, तितकेच कामगारांचे प्रतिनिधी आणि व्यवसाय-शाळेचा शिक्षक बसतो. परीक्षा दोन टप्प्यांत, मधल्या टप्प्याला चाळीस टक्के वजन, शेवटच्याला साठ. म्हणजे दीड-दोन वर्षं झाली की मुलाला आपण कुठे आहोत ते कळतं. आणि प्रत्येक शिकाऊ मुलाकडे एक नोंदवही. आठवडाभर काय केलं, काय शिकलो, ते स्वतःच्या शब्दांत लिहायचं, शिकवणाऱ्याने वाचून सही करायची. ती वही पुरी नसेल तर परीक्षेलाच बसता येत नाही. पहिल्या वर्षाच्या एका मुलीची वही मी चाळली. एका पानावर लिहिलं होतं की ड्रिल मोडलं, कूलंट कमी होतं, आणि पुढच्या वेळी मी आधी कूलंट पाहीन. खाली माइस्टरची सही. त्याने ड्रिल मोडल्याबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं.

परत आल्यावर खरी मेहनत सुरू झाली.

मुलांच्या प्रमाणपत्राची जर्मन धंद्याशी तुलना न्यूर्नबर्गचं आयएचके फोसा नावाचं कार्यालय करतं. २०१२च्या मान्यता-कायद्याने हे काम त्यांच्याकडे आलं. ते मुलाला भेटत नाहीत, त्याचा जॉब पाहत नाहीत. फक्त कागद पाहतात. कोणत्या विषयाला किती तास, प्रत्यक्ष काय शिकवलं, नोकरीत काय केलं. आमची आठही मुलं जुन्या अभ्यासक्रमाची, वर्षाला १,६०० तासांची. २०२२पासून ते १,२०० झाले आणि जोडीला १५० तासांचं कारखान्यातलं काम आलं. पुढच्या बॅचेसना हा फरक भोवणार, हे मला तेव्हाच दिसलं. म्हणून दुहेरी प्रशिक्षणातला प्रत्येक दिवस मी आतापासूनच लिहून ठेवून घेते.

तास मिळाले. अडलं ते अनुभवाच्या पत्रांवर. आपल्याकडचं अनुभवाचं पत्र कसं असतं ते सगळ्यांना माहीत आहे. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत फिटर म्हणून काम केलं, वर्तणूक चांगली, भावी आयुष्यास शुभेच्छा. सही, शिक्का. न्यूर्नबर्गला त्याचा काडीचा उपयोग नाही. त्यांना हवं की कोणत्या मशीनची देखभाल केली, किती मायक्रॉनमध्ये काम केलं, बेअरिंग स्वतः बदललं की मदतीला होता, ड्रॉइंग वाचून जुळणी केली का.

मग जानेवारी-फेब्रुवारी २०२४मध्ये संध्याकाळी सहानंतर मी, शेठांचा सुपरवायझर आणि तो डभोईचा मुलगा असे तिघं शॉप फ्लोअरवर बसायचो. मी विचारायचे, गेल्या वर्षी या प्रेसला काय झालं होतं? मुलगा म्हणायचा, काही नाही मॅडम, तेल गळत होतं. कोणी शोधलं? मी. कसं शोधलंस? आणि मग तो सांगायला लागायचा. सिलिंडरचा सील गेला होता, पण त्याने आधी जोड पाहिले, मग होज पाहिला, मग प्रेशर बंद करून रॉडवरचा ओरखडा पाहिला, ओरखड्यामुळे सील फाटतोय हे ओळखलं, रॉड पॉलिश करून घेतला आणि मग सील बदलला. हे सगळं 'तेल गळत होतं' या तीन शब्दांत दडलेलं होतं. नऊ संध्याकाळी आम्ही बसलो. त्याच्या एकट्याच्या कामांची यादी चार पानं झाली. शेठांनी ती वाचली, लेटरहेडवर घेतली, आणि सही करताना म्हणाले, "आ बधुं ए करे छे? मने तो खबरच नहोती." (हे सगळं हा करतो? मला तर माहीतच नव्हतं.) दोन महिन्यांनी त्यांनी त्याचा पगार वाढवला. मुलगा जाणार हे माहीत असूनही वाढवला, हे मी मुद्दाम नोंदवते.

नावांचा घोळ वेगळाच. शाळेच्या दाखल्यावर आधी आडनाव, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम दुसरा. एका कागदावर वडिलांच्या नावाला 'भाई' चिकटलेलं, दुसऱ्यावर नाही. पादऱ्याच्या मुलीच्या नावापुढे आयटीआयच्या प्रमाणपत्रात 'बेन' आहे, पासपोर्टात नाही. आपल्याला यात काही वाटत नाही, पण परक्या देशातल्या कारकुनाला ती दोन माणसं वाटतात. प्रतिज्ञापत्रं, गॅझेट, दुरुस्तीचे अर्ज यात चार महिने गेले. आता मी प्रवेशाच्या दिवशीच दाखला, आधार आणि जात-दाखला शेजारी ठेवून नाव जुळवून घेते. दहा मिनिटांचं काम आहे. प्रत्येक संस्थेने करावं.

भाषेचा वर्ग सकाळी सात ते नऊ, मग मुलं कामाला. जर्मनची ए-टू, म्हणजे सुरुवातीची दुसरी, पातळी लागणार होती. आठांपैकी दोघांनी मध्येच सोडलं, एकाचे वडील आजारी पडले, दुसऱ्याला कारखान्यातली कामाची पाळी सांभाळून जमेना. बाकीचे सहा पास झाले, एक जण दुसऱ्या प्रयत्नात. या वर्गातली एक गोष्ट माझ्या मनात राहिली. जर्मनमध्ये कारण सांगताना 'वाइल' लावलं की क्रियापद वाक्याच्या टोकाला जातं, अगदी आपल्या मराठी-गुजरातीसारखं. इतर वाक्यं बोलताना मुलं ठेचकाळायची, पण 'का' ला 'वाइल'ने उत्तर द्यायचं म्हटलं की गाडी सुटायची. जीभ आधी केली, कारण तिचं माप बाहेरून घेता येतं. हे वाक्य डभोईच्या मुलाने वर्गात फळ्यापाशी उभं राहून जर्मनमध्ये म्हटलं, तेव्हा मी दाराशी होते.

याच सुमारास एक बाप माझ्याकडे आला. त्याचा मुलगा आमचाच, आठांत नव्हता. दुसऱ्या शहरातल्या कोणा एजंटाने जर्मनीतली नोकरी आणि व्हिसा देतो म्हणून दोन लाख घेतले होते. हातात एक रंगीत कागद होता, त्यावर कंपनीचा पत्ता नव्हता, धंद्याचं नाव नव्हतं, पगाराचा आकडा नव्हता. पैसे गेले. जमिनीचा तुकडा गहाण टाकून आणलेले पैसे होते ते. असं होतं म्हणूनच आमच्या करारात पहिल्याच पानावर हे वाक्य आहे: मुलाकडून किंवा त्याच्या घरून एक रुपयाही घ्यायचा नाही. भाषेची फी, फोसाची फी, भाषांतर, व्हिसा, तिकीट, सगळं कामावर घेणाऱ्याने द्यायचं. ज्याला माणसाची खरी गरज आहे तो देतो. जो देत नाही त्याच्याशी करार करू नका, मग तो कितीही मोठ्या नावाचा असो. ऑक्टोबर २०२४मध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांचे व्हिसा वर्षाला वीस हजारांवरून नव्वद हजारांपर्यंत नेण्याचं जाहीर केलं, तेव्हापासून असे रंगीत कागद गावोगाव वाढलेत. आईबापांनो, हातातला कागद घेऊन आधी मुलाच्या आयटीआयमध्ये जा.

नोव्हेंबरात फोसाची उत्तरं आली. सहाही जणांना 'आंशिक समकक्ष'. सुरुवातीला मुलं हिरमुसली, पण हे अपेक्षितच होतं, साडेतीन वर्षांच्या धंद्याशी दोन वर्षं कशी जुळणार? उत्तरात काय कमी आहे ते मुद्द्यांनी लिहिलेलं होतं. विजेच्या नियंत्रणाचं काम, न्यूमॅटिकची जुळणी, देखभालीचं नियोजन. हायड्रॉलिकच्या रकान्यात मात्र डभोईच्या मुलाला पूर्ण मान्यता होती. त्या गळणाऱ्या प्रेसमुळे, माझी खात्री आहे. उरलेलं कंपनीत काम करता करता शिकून भरून काढायचं आणि मग पूर्ण मान्यता मागायची, असा रस्ता ठरला.

सहापैकी पाच जण मे २०२५मध्ये गेले. सहावा वाघोडियाचा. त्याने व्हिसा हातात असताना नाही म्हटलं, आई एकटी आहे म्हणून. मी त्याला एकदाही आग्रह केला नाही. त्याची ए-टू फुकट गेली असं काहींना वाटतं. मला वाटत नाही, तो आता शनिवारी हायड्रॉलिकच्या बेंचवर शेठांच्या माणसांना शिकवतो आणि त्याच्या हाताखालची माणसं प्रश्न विचारतात.

जे गेले त्यांचं सगळं छान चाललंय असं मी म्हणणार नाही. पादऱ्याच्या मुलीला पहिले दोन महिने रविवार फार कठीण गेले, दुकानं बंद, रस्ते ओस, ती मला फोन करून नुसती घरातले आवाज ऐकत बसायची. एकाला तिथली बोली कळत नाही, वर्गात शिकलेली जर्मन वेगळी आणि शॉप फ्लोअरवरची वेगळी. आम्ही दुसऱ्या बॅचला माइस्टरांनी रेकॉर्ड करून पाठवलेलं बोलणं ऐकवतो. ते हळू बोलतात, तरी पहिल्यांदा कोणालाच काही कळलं नाही.

नवी बॅच सुरू होऊन दोन महिने झालेत. नोंदवही आता सगळ्या फिटरच्या मुलांना आहे, जाणाऱ्यांना आणि राहणाऱ्यांना. परवा बुधवारी पाच मिनिटांचं बोलणं चालू असताना शेठ आले. काही कागदावर सही हवी होती. मी म्हटलं, थोडं थांबा. त्यांनी स्टूल ओढलं आणि मुलांमध्ये बसले. करजणची एक मुलगी उभी होती, हातात भोक पाडून टॅप मारलेली, म्हणजे आत आटे पाडलेली, प्लेट. माझा प्रश्न व्हायच्या आत शेठांनी प्लेट हातात घेतली, उलटी केली, भोकाची तिरपी कापलेली कड नखाने चाचपली.

"पहेलां चॅम्फर, पछी टॅप," ते म्हणाले. "आ पहेलां केम कर्युं?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. आणि सांगायला लागली.